हाक पोहोचेल तिथवर

मीठ संपत आले होते. म्हणून जुलैमधल्या त्या सकाळी, धारा काढून झाल्यावर आणि चीजच्या कढईखालचा विस्तव ओढून घेतल्यावर, वेरेना आर्नोल्ड गाल्टेनच्या कुरणावरून तारेच्या पाळण्यापर्यंत उतरली. दरीतून माल वर आणणारा तो पाळणा दोन कुरणांना मिळून एकच होता. साहजिकच तेथे कोणी ना कोणी भेटत असे. त्या दिवशी खालच्या कुरणाचा पियुस भेटला. तो पाळण्यातून पावाची पोती उतरवीत होता, आणि नेहमीप्रमाणे त्याचे हात थांबले होते व तोंड चालू होते.

"ऐकलंस का?" तो म्हणाला. "आजचं वादळ शेवटचं. रेडिओवर सांगितलं. उद्यापासून ढग नाही, वारा नाही. दक्षिणेकडून भट्टी येतेय. खाली दरीत माणसं लोण्यासारखी वितळणार आहेत."

"आणि आजचं कितपत?"

"जाताना दार आपटून जाणारा पाहुणा असतो ना, तसलं."

वेरेनाने मिठाची पिशवी पाठीवर घेतली. गेला आठवडाभर रोज दुपार कलली की शिखरांमागून काळे ढग चढत, तासभर झोडपून काढत आणि निघून जात. गवत सुकवायला सवड मिळत नव्हती. गाई बुजल्या होत्या. त्यांचे दूधही आटले होते.

"म्हातारा कसा आहे?" पियुसने विचारले.

"दम पुरत नाही. बोलण्यात मात्र कसर नाही."

"जीभ शेवटी जाते. आमच्या आजीची तर वेगळी पुरावी लागते की काय, असं वाटलं होतं." मग तो बेरकी डोळ्यांनी तिच्याकडे पाहत म्हणाला, "संध्याकाळची हाक हल्ली तूच देतेस म्हणे. माझ्यापर्यंत काही येत नाही बाई. तोंडाला नरसाळं लावतेस की कॉफीची गाळणी?"

"तुझ्यापर्यंत पोचवायचीच नाही मुळी. तुझ्या गाई तू सांभाळ."

उत्तर तिने ताडकन दिले खरे. पण चढण चढताना ते वाक्य तिच्या पाठीवर मिठाबरोबर बसून राहिले.

त्या डोंगरांत दिवसाचे काम आटोपले की कुरणाचा धनी घराजवळच्या उंचवट्यावर उभा राहतो, दूध गाळायचे लाकडी नरसाळे तोंडाशी धरतो आणि चारही दिशांना हाक देतो. त्या हाकेत देवाचे, मारियामायचे आणि एकामागून एक संतांचे नाव येते. ती जिथवर पोहोचते तिथवर सूर्योदयापर्यंत वीज पडत नाही, दरड कोसळत नाही, रोग शिरत नाही. आणि ज्यांची नावे कोणी घेत नाही, त्यांनाही आत येता येत नाही. हाक चालू असताना ऐकणाऱ्याने असेल तेथे उभे राहावे, टोपी किंवा रुमाल डोक्यावरून काढावा आणि शेवटचा ‘आमेन’ होईपर्यंत बोलू नये, हलू नये. गाल्टेनवर ही हाक वेरेनाचे सासरे मेल्क देत आले होते. बुरशी धरलेल्या गवताची धूळ जन्मभर छातीत गेल्यामुळे या वसंतात त्यांची फुप्फुसे थकली. नवरा आंटोन याचा गळा फाटका. राहिली वेरेना. तिचा आवाज स्वच्छ होता, सुरात होता. पण तो मोठा होता असे कोणी म्हटले नसते.

हाकेची रीत मात्र तिला सासरच्यांपेक्षाही चोख ठाऊक होती. तिच्या माहेरी दोन कुरणे एकमेकांच्या कानाच्या टप्प्यात होती, आणि आईने तिला लहानपणीच बजावून ठेवले होते: हाक आधी वरच्याने द्यायची, खालच्याने ती पूर्ण होऊ द्यायची आणि मगच आपली सुरू करायची. एकावर एक हाक घालणे म्हणजे प्रार्थनेत मध्येच बोलण्यासारखे. गाल्टेनवर या नियमाचा कधी उपयोग पडला नव्हता. गाल्टेनच्या वर बाल्म नावाचे एकच कुरण होते, आणि तेथे तिच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून कोणी राहत नव्हते.

दुपारी आंटोन कालवडी आणायला निघाला. खालचे गवत अपुरे पडले म्हणून त्या बाल्मच्याही वर, थेट कड्याखालच्या सपाटीवर चरायला सोडलेल्या होत्या. वादळात त्या कड्याच्या कडेला धावत सुटल्या असत्या.

"आजच जायला हवं का?" वेरेनाने विचारले.

"आजच. उद्यापासून ऊन आहे. उन्हाला मी घाबरत नाही." त्याने खिशात मीठ भरले आणि भिंतीवरचा कोट खांद्यावर टाकला. "अंधाराच्या आत येतो. अडकलोच, तर बाल्मच्या भिंतीआड बसेन."

बाकावर बसलेल्या मेल्कनी डोळे उघडले. "बाल्ममध्ये बसू नकोस."

"का बाबा?"

म्हाताऱ्याने श्वास गोळा केला. "छप्पर नाही तिथं," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

आंटोन हसला. वेरेनाच्या कानामागची गवताची काडी त्याने काढून टाकली आणि तो गेला. बराच वेळ त्याचा निळा सदरा चढणीवर दिसत होता. मग तो दिसेनासा झाला.

त्या दुपारी वारा पडला तो उठलाच नाही. हवा इतकी जड झाली की कढईतल्या दुधाचा वास घराबाहेर जाईना. माश्या गाईंच्या डोळ्यांना चिकटून बसल्या. कड्यामागून ढग वर आले. पण ते रोजच्यासारखे काळे नव्हते. त्यांच्या पोटात जुन्या जखमेसारखा पिवळट, हिरवट रंग होता. दरीच्या पलीकडे कोठेतरी गडगडले, आणि तो आवाज विरण्याऐवजी डोंगराच्या आतून घरंगळत राहिला. धारा काढून झाल्या तरी आंटोन आला नव्हता. वेरेना गोठ्यातून बाहेर आली तेव्हा कुंपणाची तार गुणगुणत होती. तिने हात जवळ नेला, आणि मनगटावरची लव उभी राहिली.

मेल्क बाकावरून उठून दारात आले होते. "हाक दे," ते म्हणाले. "आत्ताच. गडगडाट इकडे यायच्या आधी."

"अजून उजेड आहे, बाबा."

"उजेड राहू दे. तो वर आहे… कालवडी वर आहेत. आज सपाटीपर्यंत पोचली पाहिजे."

वेरेनाने खुंटीवरचे नरसाळे काढले आणि ती उंचवट्यावर चढली. आंटोनचा जीव आज आपल्या छातीतल्या वाऱ्यावर टांगलेला आहे, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पियुसचे बोलणे आठवून तिने ते दूर सारले. पाय रोवले. नरसाळ्याचे रुंद तोंड वर, बाल्मच्या दिशेने धरले आणि श्वास भरून घेतला, इतका की बरगड्या दुखल्या.

आणि त्याच वेळी वरून हाक सुरू झाली.

तो पुरुषाचा आवाज होता. भरदार, संथ, घोटलेला. दरीतल्या साचलेल्या हवेतून तो एखाद्या जड वस्त्रासारखा खाली उतरत होता. देवाचे नाव आले. मारियामायचे नाव आले. वेरेनाला प्रथम सुटल्यासारखे वाटले. आंटोन बाल्मपर्यंत पोहोचला तर. वादळाने त्याला गाठले, आणि त्या फाटक्या गळ्याच्या माणसाने, कधी नव्हे ते, ओंजळ तोंडाशी धरून हाक द्यायला घेतली. भीतीने माणसाला गळाही फुटतो. तो वर आहे. म्हणजे पहिला मान त्याचा. आईने शिकवलेले तिच्या हातांनी तिच्याआधी ओळखले. नरसाळे खाली आले, डोक्यावरचा रुमाल निघाला, आणि भरलेला श्वास छातीत तसाच धरून वेरेना निश्चल उभी राहिली.

वरचा आवाज एकेक संताला बोलावत होता. संत आंतोनी. संत गाल्लुस. गुराख्यांचा कैवारी संत वेंडेलिन…

तेथे तो थांबला.

वेरेना वाट पाहत राहिली. वेंडेलिननंतर विजेपासून राखणारी संत बार्बारा येते, हे त्या डोंगरात पोराटोरांनाही पाठ. दम घ्यायला थांबला असेल, असे तिला वाटले. हाक अर्धी असताना आपली सुरू करणे तिच्या हातून झाले नसते. ती थांबली. कुंपणाच्या तारेचा सूर चढत गेला. मग बाल्मच्या वरचे सगळे आभाळ पांढरे झाले, आणि आवाज आला तो कानांत नव्हे, दातांत आला.

त्यानंतर गारा. कुरणच्या कुरण दिसेनासे झाले. नरसाळे पोटाशी धरून वेरेना धावत दारात आली, तेव्हा मेल्क चौकटीला धरून उभे होते. त्यांचे ओठ निळे पडले होते. ते काहीतरी सांगत असावेत, बराच वेळ सांगत असावेत. पण पाच पावलांवर ऐकू जावे एवढाही वारा त्यांच्या छातीत उरला नव्हता.

"तू… थांबलीस?" त्यांनी विचारले.

"आंटोननं सुरू केली होती, बाबा. वरून…"

"तो आंटोन नव्हता."

छपरावर गारांचा असा मारा चालला होता की तिने कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांच्या श्वासाला औषधाचा आणि जुन्या गवताचा वास येत होता.

"बाल्ट्स," ते म्हणाले. "बाल्मचा बाल्ट्स. मी तरुण होतो. असाच उन्हाळा होता… वादळं संपायला आली होती, मागून आग येत होती. आम्ही इथं टोप्या काढून उभे होतो, त्याची हाक संपायची वाट बघत. वेंडेलिन म्हणाला आणि वीज पडली त्याच्यावर. माझ्या वडलांनी क्षण दवडला नाही. तिथंच आपली हाक सुरू केली. म्हणून आम्ही राहिलो." त्यांनी पुन्हा श्वास जमवला. "मी धनी झाल्यावर दोनदा ऐकू आला. असाच उन्हाळा असला की येतो. मी त्याच्या आवाजावर आवाज चढवला. बुडाला तो माझ्याखाली."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर रोज हाक देताना तुझा कान वर लागला असता. तोंडात मग काय उरलं असतं?"

वेरेना पुन्हा बाहेर जाऊ लागली. त्यांनी तिचा दंड धरला नाही. तेवढी शक्ती नव्हती. ते फक्त म्हणाले, "आता नको. त्याची हाक पोचली. ती पोचली तिथवर सगळं त्याचं."

आंटोन आला तेव्हा पाऊस सरला होता आणि पश्चिमेला अजून उजेडाची एक फट होती. प्रथम कालवडी दिसल्या. एकामागून एक, रांगेत, न हुंदडता त्या उतरत होत्या, आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. एकही कमी नव्हती. त्यांच्यामागे आंटोन. कोट निथळत होता, टोपी हातात होती. वेरेनाने त्याला दोन्ही हातांनी चाचपून पाहिले, जसे पडलेल्या मुलाला पाहतात.

"कुठं लागलं नाही ना?"

"काही नाही. चारी बाजूंना विजा पडत होत्या, पण आमच्या केसाला धक्का नाही." त्याने बापाकडे पाहिले. "बाबा, आज तुम्हाला दम आला होता की काय? काय आवाज होता. मला तर लहानपण आठवलं. त्या आवाजाच्या मागेमागेच आलो." मग कपाळाला आठी घालून तो म्हणाला, "फक्त… मध्येच थांबलात. पुढचं राहिलं."

मेल्कनी तोंड फिरवले. वेरेनाने पावाचा तुकडा आणि गरम सूप त्याच्यापुढे ठेवले. त्याने चमचा उचलला, आणि तो सूपात बुडवायचे विसरून तो बराच वेळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ घासून ठेवलेल्या भांड्यासारखे होते. पियुसची भट्टी आली होती. दुपारपर्यंत दगड तापून तडकू लागले. पलीकडच्या हिमनदीतून दिवसभर बर्फ मोडल्याचे आवाज येत राहिले. कड्याच्या सावलीत उन्हाळाभर टिकणारे बर्फाचे पट्टे डोळ्यांदेखत काळे पडून वाहून गेले. लाकडी भिंतींतून डिंक पाझरला आणि सारे घर त्याच्या वासाने भरले. असे ऊन मेल्कनीही जन्मात तीनदाच पाहिले होते.

त्या उन्हात कालवडी ओल्या होत्या.

वेरेनाने आधी त्यांना नाल्यात डुंबल्या असतील म्हणून सोडून दिले. मग तिने एकीच्या पाठीवरून पोते फिरवले. पोते भिजले, पाठ भिजलेलीच राहिली. दारामागे खुंटीवर टांगलेल्या आंटोनच्या कोटाखाली पाण्याचे थारोळे होते. तिने ते पुसले. संध्याकाळी ते पुन्हा होते. कोट तिने अंगणातल्या तापलेल्या दगडावर पसरला, तर दगड ओला झाला. त्याच्या केसांना, मानेला, हातांना वादळाचा तो वास होता, पेटत्या गंधकाचा आणि भिजल्या कातड्याचा. आणि त्याला हात लावला की हाताला जुलै नव्हे, डोंगरावरचा गार सप्टेंबर लागे.

"तुला बरं नाही," ती म्हणाली.

"बरा आहे. नीट ऐकू येत नाही, एवढंच."

"काय ऐकू येत नाही?"

त्याने वर बाल्मकडे पाहिले. काम तो करत होता. पण मध्येच हात थांबत, टोपी डोक्यावरून निघे आणि वर तोंड करून तो उभा राही. हाक चालू असताना माणसे उभी राहतात, तसा.

त्या संध्याकाळी वेरेना सूर्य डोंगराआड जाण्याच्या आधीच उंचवट्यावर चढली आणि तिने हाक दिली. वरून कोणी सुरू केले नाही. तिने सगळी नावे घेतली, बार्बाराचे दोनदा घेतले, आणि शेवटच्या आमेनपर्यंत आवाज खाली पडू दिला नाही. दुभत्या गाई नेहमीप्रमाणे तिच्याभोवती जमा झाल्या. कालवडी आल्या नाहीत. कुरणाच्या वरच्या दगडी गडग्याशी त्या ओळीने उभ्या होत्या, माना बाल्मकडे. त्यांच्यामध्ये आंटोन होता. त्याचीही पाठ तिच्याकडे होती. तिने नरसाळ्यातून त्याला नावाने हाक मारली. गडग्यावर बसलेला पक्षी उडाला, पण आंटोनने मान वळवली नाही.

दर दिवशी ते गडग्यापासून थोडे पलीकडे उभे राहू लागले.

"तो जाणार, बाबा," एका दुपारी वेरेना म्हणाली. मेल्कच्या पायांशी, सावलीच्या पट्ट्यात ती बसली होती. तिचा आवाज सपाट होता. "आज नाहीतर उद्या."

"माणूस हाकेतून मध्येच निघू शकत नाही," म्हातारे म्हणाले. "ती संपावी लागते."

"मी रोज संपवते."

"तुझी. त्याची नाही." ते बराच वेळ दम खात राहिले. "जिथं तुटली, तिथं उभं राहून कोणीतरी पुरी केली पाहिजे. त्याला वेंडेलिनपर्यंत येऊ द्यायचं. मग श्वास न टाकता बार्बारा घ्यायची. मध्ये फट पडली, तर…" त्यांनी वाक्य सोडून दिले. "मी गेलो असतो, पोरी. तिथं चढून मेलो असतो तरी चाललं असतं मला. पण चढलो, तर बोलायला काही उरणार नाही."

"तुमच्या लग्नातही तुम्ही बोलायचं सोडलं नव्हतं म्हणे," वेरेना म्हणाली. तिने त्यांच्या गुडघ्यावरची चादर सारखी केली आणि ती उठली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू यायला निघाले होते. ते वाटेतच राहिले.

बाल्मची वाट गवताने बुजून गेली होती. संध्याकाळ झाली तरी दगडांतून ऊन वर येत होते. कोठेही पाणी वाहिल्याचा आवाज नव्हता. इतक्या उंचीवर तो नसणे कानाला खुपत होते. घराच्या चार भिंती उभ्या होत्या, आत आडव्या पडलेल्या वाशांवर काटेरी झुडूप माजले होते. घरापलीकडे उंचवटा होता. त्याच्या माथ्यावर, दोन पावलांएवढ्या जागेत, गवत कधी उगवलेच नसावे. वेरेनाने त्या जागेवर पाय ठेवले.

खाली गाल्टेन दिसत होते: खेळण्याएवढे घर, बाकावर मेल्कचा पांढरा ठिपका, आणि गडग्याच्या पलीकडे, चढणीच्या पायथ्याशी, कालवडींच्या मध्ये उभा असलेला आंटोन. त्याचे तोंड आज तिच्याकडे होते. ते तिच्यासाठी नव्हते, हे तिला कळत होते.

सूर्य गेला. तिने नरसाळे तोंडाजवळ धरले, पण ओठ लावले नाहीत. ती थांबली.

प्रथम लाकूड थरथरले. पोळ्यात मधमाश्या जाग्या व्हाव्यात तसे. मग आवाज सुरू झाला. तो वरून आला नाही, खालून आला नाही. तिच्या हातांतल्या नरसाळ्याच्या रुंद तोंडातून तो बाहेर पडत होता. अरुंद टोक तिच्या तोंडाशी होते, आणि तेथे दुसरे कोणी नव्हते. तरी तेथून एक गार, ओला श्वास तिच्या ओठांवर येत होता आणि जात होता. देव. मारियामाय. संत आंतोनी. वेरेनाचे हात सोडू पाहत होते. तिने ते सोडू दिले नाहीत. संत गाल्लुस. आपल्या छातीत किती वारा आहे, याचा विचार तिने केला नाही. संत वेंडेलिन…

तिने ओठ त्या गार लाकडाला भिडवले. "संत बार्बारा," तिने हाक दिली, "वीज दूर ठेव." त्यानंतर तिला फारसे कळले नाही. नावे येत गेली, एकामागून एक. स्वतःच्या आवाजाखाली दुसरा आवाज आहे, आधाराला खांदा द्यावा तसा, असे तिला वाटत राहिले. आणि आमेनला पोहोचेपर्यंत तो खांदा काढून घेतला गेलेला होता. ‘आमेन’ तिने एकटीने म्हटले. दरीने ते दोनदा परत केले.

नरसाळे कोरडे, हलके, नुसते लाकूड झाले होते.

खाली आंटोनने टोपी डोक्यावर ठेवली. झोपेतून उठलेल्या माणसासारखे त्याने इकडेतिकडे पाहिले, एका कालवडीच्या पाठीवर थाप मारली, आणि त्या थापेबरोबर तिच्या अंगावरून धूळ उडाली. कोरडी, पांढरी धूळ. इतक्या दुरूनही ती वेरेनाला दिसली. कालवडी हुंदडत घराकडे निघाल्या. घंटा वाजल्या, आणि त्या घंटांसारख्या वाजल्या. वेरेना गुडघ्यांवर बसली आणि तिने डोळे पुसले.

तेव्हा गाल्टेनवरून हाक सुरू झाली.

वरच्याची संपली होती. आता खालच्याची पाळी. आवाज बाईचा होता. स्वच्छ, सुरातला, फार मोठा नसलेला. देवाचे नाव घेताना तो किंचित कापला, जसा त्या वादळाच्या संध्याकाळपासून छातीत कोंडून धरलेला श्वास सुटताना कापेल. वेरेनाने आपल्या तोंडावर हात ठेवला. तोंड मिटलेले होते. नरसाळे तिच्या मांडीवर होते, आणि गाल्टेनच्या उंचवट्यावर कोणीही नव्हते. पण गोठ्यातल्या गाई बाहेर येऊन त्या रिकाम्या उंचवट्याभोवती जमा होत होत्या. बाकावरचा पांढरा ठिपका उठून उभा राहिला. आंटोन चालता चालता थांबला, त्याने टोपी काढली आणि हसऱ्या चेहऱ्याने उंचवट्याकडे पाहत तो उभा राहिला, घरी पोहोचलेल्या माणसासारखा.

वेरेनाने त्याला हाक मारायला तोंड उघडले. पण हाक चालू होती. ती उठली, डोक्यावरचा रुमाल तिने काढला, आणि आपलाच आवाज एकेका संताला बोलावीत तिच्याकडे चढत येत असताना, तो संपण्याची वाट पाहत ती तेथे निश्चल उभी राहिली.